जिना, पॅसेज आणि गच्चीची किल्ली: तुमच्या सोसायटीतले अनुभव सांगा

6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली ती तळाशी, पार्किंगमध्ये. जुन्या कपड्यांचे गठ्ठे आणि उभ्या गाड्या पेटल्या, धूर वर चढला. लोक गाढ झोपेत होते. त्या आगीत माणसं गेली, आणि महिनाभर प्रत्येक सोसायटीत पार्किंगमधलं भंगार हलवण्याची चर्चा झाली. पुढे काय झालं ते आपण सगळे आपापल्या पार्किंगमध्ये बघतोच आहोत.

तुमच्या इमारतीचा जिना आज रिकामा आहे का? नसेल तर तिथे काय आहे, आणि असेल तर तो रिकामा कसा झाला, ते लिहा. नियम बहुतेकांना ठाऊक असतात. रोज समोरासमोर दार असलेल्या शेजाऱ्याला ते सांगायचे कसे, तिथे घोडं अडतं.

ठाणे, सोसायटीची सेक्रेटरी

आमच्या चौथ्या मजल्यावर तीन चपलांचे स्टँड, रद्दीचं पोतं, वॉशिंग मशीनचा रिकामा खोका आणि नातू शाळेत जायला लागला तरी न हललेला पाळणा होता. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) स्पष्ट लिहिलंय की जिना, लँडिंग, पॅसेज ज्यासाठी आहेत त्यासाठीच वापरायचे, आणि अतिक्रमण केलं तर ते असेपर्यंत दरमहा मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम भरायची. तशी नोटीस लावली. दोन घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं, सामान जागचं हललं नाही.

मग कमिटीतल्या सगळ्यांनी आधी आपापल्या दारासमोरचं उचललं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी भंगारवाल्याला थेट वर बोलावलं, प्रत्येक मजल्यावर. तो वजन करून जागच्या जागी पैसे देत होता. दुपारपर्यंत निम्मं सामान गेलं. पाळणा मात्र आजींनी दिला नाही, तो त्यांनी घरात नेला, आणि त्यात काहीच चूक नाही.

एक आजोबा चपला घालायला पॅसेजमध्ये खुर्ची ठेवायचे. त्यांना गुडघ्यामुळे बसावंच लागतं. त्यांच्या दाराच्या आतल्या भिंतीला घडीची फळी ठोकून दिली. अशी अडचण असते तिथे नुसती नोटीस लावणं मला अन्याय वाटतो.

पुणे, भाड्याने राहते

गच्चीला कुलूप. किल्ली चेअरमन काकांकडे, आणि काका मुलाकडे परदेशी गेलेले. विचारलं तर उत्तर मिळालं, "वर पोरं दारू पितात, म्हणून कुलूप." कारण खरं आहे, मीही बाटल्या बघितल्यात. पण रात्री जिन्यात धूर भरला आणि खाली जाता आलं नाही, तर त्या कुलुपासमोर आम्ही काय करायचं? भाडेकरूला मीटिंगमध्ये बोलायला देत नाहीत, म्हणून घरमालकीणबाईंना पत्र लिहायला लावलं. आता कुलूप काढून आतून सरकणारी कडी बसवली आहे. दार उघडलं की वॉचमनच्या केबिनमध्ये घंटा वाजते, त्यामुळे पोरांचाही बंदोबस्त झाला.

मुंबई, अग्निशमन दलातून निवृत्त

ताई, चांगलं केलंत. पण गच्ची ही दुसरी वाट आहे. धूर वर चढतो, म्हणून खाली उतरता येत असेल तर खालीच या, आणि लिफ्टला हात लावू नका. जिन्यात धूर दाटला असेल तर त्यात शिरू नका. घरात परत जा, दार लावा, दाराच्या फटीत ओली चादर कोंबा, खिडकीशी या आणि 101 ला फोन करून विंग, मजला, फ्लॅट नंबर सांगा. वाऱ्याने धूर खिडकीतून आत येत असेल तर ती खिडकी बंद करून दुसरीकडे जा. आगीत माणूस बहुतेक वेळा भाजण्याआधी धुराने गुदमरतो.

जिन्याचं फायर डोअर आपोआप बंद होण्यासाठी असतं. हवा यावी म्हणून लोक त्याला वीट लावतात. त्या विटेमुळे एका मजल्याचा धूर साऱ्या जिन्यात जातो. वायरी मजल्यामजल्यावर नेणाऱ्या पोकळीचं, इलेक्ट्रिक डक्टचंही तसंच. केबलवाला, इंटरनेटवाला प्रत्येक जण स्लॅबला भोक पाडतो आणि तसंच सोडून जातो. ती भोकं आग न पकडणाऱ्या मालाने बुजवून घ्या, नाहीतर डक्ट चिमणीचं काम करतो.

होज रीलचं, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या गुंडाळलेल्या नळीचं, कपाट उघडून बघा. मी कित्येक ठिकाणी आत झाडू आणि फरशी पुसायचा पोछा पाहिलाय. हायड्रंटचा (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाचा) पितळी नोझल तर चोरीलाच जातो. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून ती चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', द्यावा लागतो. तो कागद मिळाला म्हणून गप्प बसू नका. एजन्सीचा माणूस आला की त्याला पंप चालू करायला लावा आणि वरच्या मजल्यावरच्या नळीतून पाणी येतं का ते उभं राहून बघा.

नाशिक

आमच्याकडे सगळ्या खिडक्यांना पक्कं ग्रिल. चोरांची भीती. आता एका खिडकीला उघडणारी झडप केली आहे, किल्ली शेजारीच खिळ्याला, मुलांचा हात पोचेल अशी.

लंडन

इथे 14 जून 2017 ला ग्रेनफेल टॉवर जळला, 72 माणसं गेली. रहिवाशांना आधीपासून 'घरातच थांबा' असं सांगितलेलं होतं. पण बाहेरच्या आवरणातून आग इमारतभर पसरली आणि तो सल्लाच घातक ठरला. अग्निशमन दलातल्या काकांनी वर 'घरात परत जा' असं लिहिलेलं वाचताना हे सांगावंसं वाटलं: आग तुमच्याच घराकडे येत असेल तर थांबू नका. त्यानंतर आलेल्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये 11 मीटरपेक्षा उंच इमारतींत सामायिक जागेतली फायर डोअर्स दर तीन महिन्यांनी तपासतात. माझ्या दाराचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप लावणारा दांडा, सैल झाला होता, तो बदलून दिला. पॅसेजमध्ये पायपुसणंसुद्धा ठेवू देत नाहीत. सुरुवातीला जाच वाटायचा, आता वाटत नाही.

डोंबिवली

तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून एक्स्टेंशन वायर जिन्याने खाली, रात्रभर स्कूटर चार्जिंगला, आणि स्कूटर नेमकी जिन्याच्या तोंडाशी. बॅटरी पेटली तर सगळी विंग वर अडकणार. त्या मुलाचं कामच डिलिव्हरीचं, त्याला चार्जिंग बंद कर म्हणणं म्हणजे पोटावर पाय. सोसायटीने कंपाउंडच्या भिंतीलगत, जिन्यापासून लांब, वेगळा मीटर आणि एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा स्विच) घेऊन पॉइंट दिला. बिल तो भरतो. इतर सोसायट्यांनीही भांडण होण्याआधी हा खर्च करावा.

ठाणे, दुसरी सोसायटी

14 एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, आमच्याकडे ड्रिल झालं. सासूबाई व्हीलचेअरवर, आम्ही नवव्या मजल्यावर. सगळे उतरले, आम्ही दोघी वरच. काका, अशा वेळी काय करावं?

मुंबई, अग्निशमन दलातून निवृत्त

व्हीलचेअर जिन्यावरून ढकलू नका. हलक्या पण मजबूत खुर्चीवर बसवून दोघांनी उचलायचं, एक पाठीमागे, एक पायांकडे. हे दोघे कोण ते आजच ठरवा, दिवसपाळीचे आणि रात्रीचे वेगळे. तुमच्या इमारतीत रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा, असेल तर तो कुठल्या मजल्यावर आहे ते बघा आणि तिथे कोणी टेबल-टेनिसचं टेबल मांडलं असेल तर हलवायला सांगा. ज्यांना उचलून न्यावं लागेल अशांच्या फ्लॅट नंबरची यादी वॉचमनकडे ठेवा. गाडी आली की जवान पहिल्यांदा त्यालाच विचारतात, वर कोण राहिलंय.

ठाणे, दुसरी सोसायटी

समोरचे दोघे भाऊ तयार झालेत. यादीत आत्ताच पाच घरं निघाली. त्यातल्या दोन घरांत कोणी आजारी आहे हे आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं.