वोकिंगच्या त्या मुलीचा राग नेमका कुणावर काढायचा?

रानजाई
ऑगस्ट 2023 मध्ये इंग्लंडमधल्या वोकिंगला एका घरात सारा शरीफ ही दहा वर्षांची मुलगी मेलेली सापडली. अंगावर सत्तरहून जास्त जखमा, किमान 25 हाडं मोडलेली. बाप, सावत्र आई आणि काका आदल्या दिवशीच पाकिस्तानला निघून गेले होते. डिसेंबर 2024 मध्ये बापाला आणि सावत्र आईला जन्मठेप झाली, बापाला किमान 40 वर्षं आत आणि तिला 33. काकाला 16 वर्षं.

तेव्हापासून आपल्या मंडळींमध्ये हा विषय निघाला की एकच सूर असतो, असल्यांना भर चौकात लटकवा. माझंही रक्त उकळतं. पण मारणाऱ्यांना शिक्षा झालेली आहे. माझा राग आता दुसरीकडे वळलाय. बापाने पाकिस्तानातून पोलिसांना फोन करून सांगितलं होतं, की मी तिला कायदेशीर शिक्षा केली आणि ती मेली. असं म्हणायची हिंमत होते कुठून? इंग्लंडमध्ये आईबापांना 'वाजवी शिक्षा' म्हणून मुलावर हात उचलायची मुभा अजून आहे. 2004 च्या चिल्ड्रेन अ‍ॅक्टच्या 58 व्या कलमात ती शिल्लक ठेवली. स्कॉटलंडने 2020 मध्ये ती काढली, वेल्सने 2022 मध्ये. इंग्लंडने तिथे पोचायला अजून किती मुलं जायला हवीत?

टाकसाळ
ताई, भावना समजतात, पण कायद्याची सांगड चुकीची घालताय. 58 वं कलम किरकोळ चापटीपुरतं आहे. वळ उठला, रक्त साकळलं, तरी तो बचाव कोर्टात टिकत नाही. इस्त्रीचे चटके, चावे, मोडलेली हाडं, यातलं काहीही त्यात बसत नाही. तो माणूस खोटं बोलत होता आणि ज्यूरीने त्याला खुनीच ठरवलं. एका राक्षसापायी, मूल भर रस्त्यावर धावलं म्हणून धपाटा घालणाऱ्या आईला गुन्हेगार करायचं?

रानजाई
कोर्टात टिकत नाही, हे खरंच. कोर्टाची पाळी मूल गेल्यावर आली, माझं दुखणं ते आहे. भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा शेजाऱ्याच्या मनात काय येतं? 'त्यांचं पोर आहे, शिस्त लावत असतील.' मुभा आहे म्हटलं की ऐकणाराच आधी गप्प बसतो. निकालानंतर इंग्लंडच्या बाल आयुक्त रेचल डिसूझा यांनीही हा बचाव काढून टाकायची मागणी केली.

हिरवीपाटी
इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून लिहिते. मुलाच्या अंगावर खूण दिसली तर आम्ही छापील शरीराच्या आकृतीवर ती नेमकी कुठे आहे ते दाखवतो, मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहितो आणि त्याच दिवशी सेफगार्डिंग लीडकडे, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या शिक्षकाकडे, देतो. 'कुणी मारलं का?' असं मुलाच्या तोंडात घालायचं नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही द्यायचं नाही.

या मुलीच्या शाळेने हे केलं होतं. मार्च 2023 मध्ये चेहऱ्यावरच्या खुणा पाहून सोशल सर्व्हिसेसना, म्हणजे बालसंरक्षण बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवलं. काही दिवसांत फाइल बंद झाली. एप्रिलमध्ये बापाने सांगितलं, तिला आता घरीच शिकवणार. त्याला फक्त कळवायचं होतं, परवानगी लागत नव्हती. तिला रोज बघणारे आमच्यासारखे डोळे एका पत्राने बाजूला झाले. चापटीबद्दल तुम्ही दोघं भांडा, माझा राग त्या पत्रावर आहे.

कातळशिल्प
आणि न्यायाधीशांचं काय? 2019 मध्ये फॅमिली कोर्टाने मुलीचा ताबा याच बापाकडे दिला. त्याच्यावरचे मारहाणीचे जुने आरोप कागदावर होते. तरीही हायकोर्टाने त्या न्यायाधीशांची नावं छापायला बंदी घातली! वर्तमानपत्रांनी अपील केलं, तेव्हा कुठे जानेवारी 2025 मध्ये अपील कोर्टाने नावं खुली केली. लोकांनी आरडाओरडा केला नसता तर हे पडद्याआडच राहिलं असतं. म्हणून कुणी 'राग आवरा' म्हटलं की मला पटत नाही. खुर्चीवरच्या माणसाला जाब विचारायचाच.

सावरीची_शेंग
जाब विचारा, पण 2008 आठवा. लंडनच्या हॅरिंगे भागात 2007 मध्ये सतरा महिन्यांचं बाळ असंच मारलं गेलं. एका वृत्तपत्राने दहा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. मंत्री एड बॉल्स यांनी बालसेवा विभागप्रमुख शॅरन शूस्मिथ यांना पत्रकार परिषदेतच पदावरून हटवलं. 2011 मध्ये अपील कोर्टाने ती पद्धत बेकायदा ठरवली, कारण त्यांचं म्हणणंच धड ऐकून घेतलं नव्हतं. तोवर अनुभवी लोक हे काम सोडायला लागले होते आणि नवे यायला धजत नव्हते. मी सोशल वर्कर आहे. मेजवळच्या तीन खुर्च्या रिकाम्या असतात तेव्हा उरलेल्यांच्या वाट्याला किती घरं येतात, आणि एकेका घराला किती वेळ मिळतो, याचा हिशेब त्या सह्या करणाऱ्यांपैकी कुणी केला? घाईत बंद झालेली फाइल मी कधीच माफ करणार नाही. पण ती बंद करणारीला हाकलून पुढची फाइल नीट वाचली जात नाही.

कातळशिल्प
मग जबाबदार कुणीच नाही? व्हिक्टोरिया क्लिम्बी ही लहान मुलगी 2000 मध्ये घरच्यांच्या छळाने गेली, तीही याच हॅरिंगेत. त्या मृत्यूच्या लॉर्ड लेमिंग यांनी केलेल्या चौकशीने 108 शिफारशी केल्या. सात वर्षांनी तिथेच ते बाळ गेलं. शिफारशींच्या बाडाने कुणाला फरक पडत नाही, खुर्ची गेली तर पडतो.

सावरीची_शेंग
त्याच अहवालात लेमिंग यांनी बारा वेळा संधी हुकल्याचं दाखवलंय. दर वेळी माणूस वेगळा, खातं वेगळं. कुणाकुणाची खुर्ची काढणार?

टाकसाळ
हिरवीपाटी, तुमचा मुद्दा मला सोळा आणे पटला. डिसेंबर 2024 मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात ज्या मुलाची संरक्षणासाठी चौकशी सुरू आहे त्याला शाळेतून काढायला परवानगी लागेल असं कलम होतं, शाळेबाहेरच्या मुलांची नोंदवहीसुद्धा. पण या मुलीची चौकशी तर बंदच झाली होती. म्हणजे तिला हे लागू झालंच नसतं. ती फट कशी बुजवणार?

हिरवीपाटी
शाळेने गेल्या वर्षभरात एकदाही काळजी कळवली असेल, तर मूल घरी न्यायच्या आधी कुणीतरी त्याला एकटं भेटलंच पाहिजे. आईबापांसमोर नाही. एवढं तरी कायद्यात हवं.

रानजाई
आणि शेजारी? त्या कुटुंबाच्या आधीच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना किंकाळ्या ऐकू यायच्या, असं खटल्यात आलं. कुणी कळवलं नाही. नंतरच्या चौकशी अहवालात कारण आलं, तक्रार केली तर लोक वंशद्वेषी म्हणतील अशी भीती. हे वाचून मी हादरले. गोऱ्या शेजाऱ्याला ही भीती असेल, तर आशियाई घरातलं पोर रडतं तेव्हा फोन करायची पहिली जबाबदारी आपली येते. आपल्याला कोण वंशद्वेषी म्हणणार आहे?

टाकसाळ
वंशद्वेषी नाही म्हणणार, घरभेदी म्हणतील. मंडळाच्या गणपतीत तोंड फिरवतील.

रानजाई
फिरवू देत.