पाच महिने झाले, लेकीला वरणाचं पाणी सुरू करावं का?

नवी_माय_औसा:
लेकीला परवा पाच महिने पूर्ण झाले. आठवड्यापासून सारखी मूठ चोखायलीय, रात्री दोन-तीनदा उठायलीय. सासूबाई म्हणायल्यात, दूध पुरंना तिला, वरणाचं पाणी चालू कर. ऊन इतकं आहे की साधं पाणीही पाज म्हणतात. त्यांनी पाच लेकरं वाढवलीत, शब्द मोडवत नाही. काल एक चमचा दिला तर सगळं जिभेनं बाहेर ढकललं. तिला आवडलं नाही का?

अंगणवाडीताई_जिंतूर:
आवडीचा प्रश्न नाही ताई, तिची अजून तयारी नाही. तोंडात आलेलं जिभेनं बाहेर लोटणं तान्ह्या लेकराला उपजतच येतं. ते थांबलं की घास गिळता येतो. घरभेटीला गेले की मी आणखी दोन गोष्टी बघते. मान ताठ धरून मांडीवर आधारानं बसतं का? समोरची वस्तू बघून, धरून, नीट तोंडात नेतं का? तिन्ही खुणा सोबत दिसल्या पाहिजेत, आणि त्या बहुतेक सहाव्या महिन्याच्या शेवटाला दिसतात. नुसती मूठ चोखणं किंवा रात्री उठणं यावरून काही ठरवू नका.

१८० दिवस आईचंच दूध द्या. मे महिन्यातसुद्धा वरचं पाणी नको. पाणी तुम्ही प्या आणि तिला जास्त वेळा अंगावर घ्या. दिवसभरात सहा-सात वेळा लघवी होत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

वरणाच्या पाण्याचं मला फार वाईट वाटतं. इवलंसं पोट त्यानंच भरतं, अंगी काही लागत नाही. सुरू कराल तेव्हा मुगाचं वरण आणि मऊ भात कुस्करून, वर थोडं तूप. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतकं दाट. आधी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा.

परळीची_आई:
उशीरही करू नका. आमच्याकडे उष्टावणाला मामाच पाहिजे, आणि भावाला सुट्टी मिळंना. नववा महिना लागला. लेकरू पांढरं पडलं, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. डॉक्टर म्हणाले, पोटातून आणलेलं लोह सहा महिन्यांपुरतंच असतं, पुढं ते जेवणातून मिळायला पाहिजे. लोहाचं औषध किती महिने पाजलं, आजही जीव तुटतो. सहा महिने झाले की पहिला घास तुम्हीच भरवा, मामा येतील तेव्हा ओवाळतील. आणि उष्टावणात कुणी मध चाटवू देऊ नका, वर्षाच्या आत मध धोक्याचा आहे.

नवी_माय_औसा:
दोघींचंही सासूबाईंना वाचून दाखवलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला सहा झाली होती. एक चौथ्या महिन्यात हगवणीनं गेलं. तवा आमाला कुणी सांगितलं नाही." मला हे माहीतच नव्हतं. आज त्यांनीच मूग निवडायला घेतलेत, १८० दिवस भरायला अजून पंचवीस-सव्वीस दिवस आहेत तरी.