वर्गात आजीचा आवाज: शिकवणे की वेळकाढूपणा?

पंचवटीकर
काल येथे एकाने लिहिले, "वर्गात पॉडकास्ट लावणे म्हणजे वेळकाढूपणा, असा शिक्षक फळा टाळत असतो." राग आला म्हणूनच सविस्तर लिहितो. आठवीच्या वर्गात मी एका विद्यार्थिनीने ध्वनिमुद्रित केलेली तिच्या आजीची नाशिकच्या १९६९ च्या महापुराची आठवण ऐकवली. गंगेचे, म्हणजे आमच्या गोदावरीचे, पाणी नदीपात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून गेले तेव्हा आजी तान्ह्या बाळाला घेऊन माळ्यावर बसली होती. एरवी पूर सनावळीपुरता पाठ करणारी मुले त्या सहा मिनिटांनंतर घरी प्रश्न घेऊन गेली.

फळा-खडू
ते वाक्य माझेच आहे. मुले हळहळली असतील, शिकली काय? सामान्य माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या ज्या स्टोरीकॉर्प्सचा दाखला आपण सारे देता, तो अमेरिकी उपक्रम २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातील एका बंदिस्त कक्षात सुरू झाला. तेथे ओळखीची दोन माणसे सुमारे ४० मिनिटे निवांत बोलतात. आमची तासिका ३५ मिनिटांची, मुले साठ, पंख्याचा खडखडाट वेगळाच, आणि उरलेला वेळ मतदार याद्या व ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. आधी ती कामे काढा.

सराफबाजार
याद्यांचे राहू द्या. मारुती १९६९ मध्येच बुडालेला आजींनी पाहिला कशावरून? पूर २००८ मध्येही आला होता. माझे वडील तर नदीकाठच्या नारोशंकर मंदिराच्या उंचावरील घंटेला पाणी लागल्याचे सांगत.

पंचवटीकर
म्हणजे आजी खोटे बोलते, असेच ना? घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी आपण असेच लिहिता का?

सराफबाजार
खोटे कोण म्हणाले? पुढे वर्षांचा हिशेब केला तेव्हा कळले की वडील त्या दिवशी मनमाडला नोकरीवर होते. घंटेची गोष्ट त्यांनी ऐकलेली होती, पाहिलेली नव्हती, आणि तरीही सांगताना त्यांचा आवाज दर वेळी कापत असे.

सातपूरची आई
आपण पुराची उंची मोजत बसला आहात. माझ्या मुलाने वर्गासाठी आजोबांची मुलाखत घेतली. कारखाना बंद पडल्यावर काढलेल्या कर्जाचा त्यात उल्लेख होता, आणि ती फाईल पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरली. आजोबांनी परवानगी नातवाला दिली होती, गटाला नव्हे.

फळा-खडू
सराफबाजार यांनी आत्ता जे केले, त्याला मी शिकवणे म्हणतो. आठवणीशेजारी त्या आठवड्याचे वृत्तपत्र ठेवणार असाल, आणि फाईल वर्गाबाहेर जाणार नसेल, तर खुशाल ऐकवा. 'वेळकाढूपणा' मागे घेतो. 'फळा टाळत असतो' मात्र ठेवतो, कारण त्या सहा मिनिटांनंतर फळ्यावर काय लिहिले, हे पंचवटीकरांनी अद्याप सांगितलेले नाही.

पंचवटीकर
फळा त्या दिवशी कोरा होता, झाले समाधान? सोमवारी दोन रकाने आखतो: आजीने पाहिलेले आणि आजीने ऐकलेले. मारुती कोणत्या रकान्यात जाईल, हे मात्र आजीच सांगेल, सराफबाजार नव्हे.