पॅकेज मेंटेनर नकोत म्हणे! मग जुन्या आवृत्तीला पॅच कोण लावणार?

कर्नलकाका

परवा रोलिंगरावांनी 'डिस्ट्रो पॅकेजिंगचा कारभार आता गुंडाळा' असा लेख टाकला. (डिस्ट्रो म्हणजे डेबियन, उबंटू, फेडोरासारखी तयार लिनक्स सिस्टीम; तिच्यासाठी प्रोग्रॅम बांधून, तपासून देतो तो पॅकेज मेंटेनर.) म्हणणं थोडक्यात असं: सॉफ्टवेअर लिहिणारा एक, वापरणारा एक, मध्ये हा मेंटेनर नावाचा दलाल कशाला? तो व्हर्जनं अडवून ठेवतो, स्वतःचे पॅच घुसडतो आणि बग निघाला की शिव्या मूळ लेखकाला. त्यापेक्षा डिस्ट्रोने मशीन बूट होण्यापुरतं सामान द्यावं, बाकी सगळं फ्लॅटपॅकमधून (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या डबाबंद अ‍ॅपच्या पद्धतीतून) थेट लेखकाकडून घ्यावं. खाली +१ ची रांग. तिथेच प्रतिसाद लिहायला बसलो होतो, पण लांबत गेला म्हणून वेगळा धागा.

दलाल निदान पैसे तरी खातो हो. डेबियनचे बहुतेक मेंटेनर नोकरी सांभाळून फुकट राबतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीत (वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत) भगदाड सापडलं, सीव्हीई-२०२३-४८६३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या दोषाचा नोंदणी क्रमांक). मुद्दाम बिघडवलेलं चित्र नुसतं उघडलं तरी हल्लेखोराचा कोड चालू शकेल, अशा जातीचं. ज्यांनी सगळं रेपोतून (डिस्ट्रोच्या पॅकेजांच्या साठ्यातून) घेतलं होतं त्यांच्याकडे एक लायब्ररी अपडेट झाली, तिला जोडलेले प्रोग्रॅम पुन्हा चालू केले, विषय संपला. आणि ज्यांच्याकडे चॅटची, नोट्सची, गाण्यांची इलेक्ट्रॉनवाली (पोटात अख्खा ब्राउझर घेऊन येणारी) अ‍ॅप्स 'थेट लेखकाकडून' आली होती? प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात लिबवेबपीची आपापली प्रत. प्रत्येक लेखक सवडीने नवा बिल्ड काढणार. एखाद्याने काढलाच नाही तर तुम्हाला कळणार कुठून? एपीटीच्या (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या टूलच्या) यादीत ती प्रत दिसतसुद्धा नाही.

आता 'व्हर्जन अडवून ठेवतात' याबद्दल. स्टेबलमध्ये, म्हणजे व्हर्जन गोठवलेल्या पक्क्या शाखेत, दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या कोडवर बसवतात, यालाच बॅकपोर्ट म्हणतात. हे करून बघा एकदा. मूळ पॅच ज्या फंक्शनवर लिहिलाय ते जुन्या कोडमध्ये वेगळ्या फाइलमध्ये असतं, कधी वेगळ्या नावाने असतं. पॅचचा तुकडा (हंक) बसतच नाही, रिजेक्ट होतो. हाताने ओळी जुळवायच्या, सगळ्या आर्किटेक्चरवर बिल्ड होतो का बघायचं, टेस्ट लावायच्या. मूळ लेखक म्हणतो, 'नवीन व्हर्जन घ्या की!' त्या नवीन व्हर्जनमध्ये दोन फीचर्स उडालेली असतात आणि कॉन्फिग फाइलचा फॉरमॅट बदललेला असतो, ते सांगायचं मात्र तो विसरतो.

२०२४ ची टाइम_टीची (कोडमध्ये वेळ साठवणाऱ्या प्रकाराची) मोहीम घ्या. २०३८ साली सेकंदांची मोजणी ३२ बिटांत मावेनाशी होऊन ३२ बिटी सिस्टीमचं घड्याळ १९०१ ला जाऊन बसू नये म्हणून डेबियनने शेकडो लायब्ऱ्यांच्या पॅकेजांची नावं बदलली, शेवटी 'टी६४' लावलं, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बिल्ड केलं. कुठला एकटा लेखक हे करणार होता? त्याला त्याचा प्रोग्रॅम माहीत. सगळे प्रोग्रॅम एका मशीनवर नांदतात की नाही हे बघायला कोणीतरी लागतं.

रोलिंगराव

काका, लेख अर्धाच वाचून उत्तर दिलेलं दिसतंय. फ्लॅटपॅकलाही रनटाइम असतो, त्यातल्या लायब्ऱ्या एकाच जागी अपडेट होतात. इलेक्ट्रॉनचं पाप माझ्या माथी मारू नका.

आणि तुमच्या या नांदवणाऱ्यांनी काय दिवे लावलेत तेही येऊ द्या. २००६ साली व्हॅलग्राइंडची (मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलची) कुरकुर थांबवायला डेबियनच्या ओपनएसएसएलमधून (एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतून) दोन ओळी गाळल्या गेल्या. मे २००८ पर्यंत कोणाला पत्ता नाही. तोवर डेबियन-उबंटूवर बनलेल्या एन्क्रिप्शनच्या कीमध्ये यादृच्छिक म्हणून उरला होता फक्त प्रोसेस आयडी. एका प्रकारच्या, एका लांबीच्या कीला ३२,७६८ शक्यता, बस. मूळ कोडमध्ये हा दोष नव्हता.

पुढे या. मार्च २०२४, एक्सझेड, म्हणजे फाइल कॉम्प्रेस करणारं टूल; त्याच्या लिबएलझेडएमए लायब्ररीत बॅकडोअर (चोरदरवाजा) घुसवला गेला. ओपनएसएसएचचा (दुरून सर्व्हरवर लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मूळ कोड लिबएलझेडएमएला हात लावत नाही. डेबियन-फेडोरावाल्यांनी सिस्टमडीला (सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमला) 'मी चालू झालो' एवढा निरोप द्यायला एसएसएचडीला (ओपनएसएसएचच्या सर्व्हरला) लिबसिस्टमडी जोडली, तिच्यामागून लिबएलझेडएमए आत आली आणि बॅकडोअरला वाट मिळाली. कोणी मागितला होता हा पॅच?

शिव्या लेखकाला बसतात हे खोटं आहे का? एक्सस्क्रीनसेव्हरच्या जेमी झाविन्स्कीने वैतागून प्रोग्रॅममध्येच 'हे व्हर्जन फार जुनं आहे' अशी सूचना घातली होती. २०१६ मध्ये त्यावरून डेबियनमध्ये रण माजलं, तेव्हा तो म्हणाला, त्यापेक्षा माझं पॅकेज काढूनच टाका. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमवाल्यांनी फेडोराला त्यांच्या फ्लॅटपॅकवरून कायदेशीर कारवाईची भाषा केली. लेखक इतके का कावतात याचा विचार करा जरा.

मृण्मयी_डी

मी स्वतः काही छोटी पॅकेजं सांभाळते, त्यामुळे राहवलं नाही.

२००८ चं मढं अजून किती वर्षं उकरणार? तेव्हापासून काय बदललं तेही लिहा ना. पॅच आता निनावी पडून राहत नाहीत, प्रत्येकाच्या डोक्यावर कोणी, का आणि अपस्ट्रीमला (मूळ लेखकाला) पाठवला की नाही हे नोंदवायची पद्धत आहे.

सिस्टमडीचा पॅच आमच्याकडचा, मान्य. घ्या, लिहून दिलं. पण तो निरोप हवा होता म्हणूनच तो पॅच होता. त्या प्रकरणानंतर ओपनएसएसएचने ९.८ मध्ये लायब्ररीशिवाय तोच निरोप द्यायची सोय स्वतः केली. म्हणजे मागणी काही वेडगळ नव्हती.

आणि एक्सझेडचं पूर्ण सांगा. विष ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होतं. ते कोणाकडे पोहोचलं? रोलिंगवाल्यांकडे (सतत नवं व्हर्जन घेणाऱ्यांकडे) आणि चाचणीच्या शाखांमध्ये. डेबियन स्टेबलमध्ये ५.४.१ होतं, तिथे काही झालं नाही. बॅकडोअर जागं करणारी ओळ गिटमध्ये (उघड्या सोर्स कोडच्या साठ्यात) नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये (व्हर्जनसोबत बांधून दिलेल्या गाठोड्यात) होती. तो टारबॉल कोणी सही करून दिला? तुमच्या त्या 'थेट लेखका'ने! दोन वर्षं गोड बोलून मेंटेनर झालेला माणूस होता तो.

रच्याकने, नवं व्हर्जन आलं त्याच दिवशी 'अजून पॅकेज का नाही' अशी मेल पाठवणाऱ्यांसाठी: कॉपीराइट फाइल तपासायला वेळ लागतो. लेखकाने गुपचूप तिसऱ्याच लायसन्सचा कोड कोंबलेला असतो. तो दर वेळी आम्हीच शोधतो.

रोलिंगराव

स्टेबल वाचलं ते नशिबाने. ते बॅकडोअर शोधणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं नसतं, तर पुढच्या स्टेबलमध्ये तेच गेलं असतं. आणि तो बसला होता डेबियनच्या अनस्टेबलवर, नवीन व्हर्जन चालवत. आमच्यासारख्यांनी आधी चालवलं म्हणून तुम्ही वाचता, एवढं तरी कबूल करा.

कर्नलकाका

केलं कबूल. तुम्ही आधी जळून बघा, आम्ही मागून येतो. ही व्यवस्था मला अगदी पसंत आहे.

लॉगफाइल

तुमचं बॅकपोर्ट फार थोर असेल, पण त्यापायी आमची पाठ मोडते त्याचं काय?

जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचचं ते रूट मिळवून देणारं प्रकरण आलं, सीव्हीई-२०२४-६३८७. बाधित ८.५पी१ पासून ९.७पी१ पर्यंत, दुरुस्ती ९.८ मध्ये. आमच्याकडे डेबियन १२, म्हणजे ९.२पी१. पॅच आला त्याच दिवशी लावला. महिन्याभराने बाहेरची ऑडिट कंपनी आली, पोर्ट २२ वर (एसएसएचच्या दारावर) स्कॅनर सोडला आणि रिपोर्टमध्ये लालभडक 'क्रिटिकल', प्रत्येक सर्व्हरसाठी एक. मी म्हटलं, अहो सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो ती बॅनरची ओळ वाचा, शेवटी स्पष्ट लिहिलंय, 'डेबियन-२+डेब१२यू३'. हाच पॅच केलेला. उत्तर काय? 'आमचं टूल ९.२ दाखवतं. ९.८ वर न्या.' साहेबांनाही तेच पटलं, कारण रंग लाल होता.

अपटाइम

लॉगफाइल, गळ्यात गळा घालून रडू. मी हे २०१४ पासून भोगतोय. हार्टब्लीडच्या (ओपनएसएसएलमधल्या भगदाडाच्या) वेळी डेबियनने १.०.१ई च ठेवून दुरुस्ती दिली, १.०.१ई-२+डेब७यू५. स्कॅनर म्हणणार १.०.१जी पाहिजे. एका पठ्ठ्याने सोर्समधून १.०.१जी बिल्ड करून यूएसआर-लोकलमध्ये टाकलं आणि ऑडिट पास करून घेतलं. पुढचे सगळे सीव्हीई त्या प्रतीला कोण लावणार होतं? कोणीच नाही. एपीटीला ती प्रत माहीतच नव्हती. कागदावर सुरक्षित, मशीन उघडं.

रोलिंगराव

हेच तर मी ओरडून सांगतोय! नंबर ९.२ आणि आतला कोड अर्धा ९.८ चा. नंबर खोटं बोलतो, मग ऑडिटरला दोष का? माझ्याकडे ९.८ म्हणजे ९.८.

मृण्मयी_डी

नंबर खोटं बोलत नाही, पूर्ण वाचायचा असतो. आणि नंबरचीच गोष्ट काढलीत तर डेबियन ११ मध्ये ८.४पी१ होतं, त्यात हा दोष *नव्हताच*, तो ८.५ मध्ये घुसला. सगळ्यात जुनं पॅकेज सगळ्यात सुरक्षित होतं त्या दिवशी. करा हिशेब.

लॉगफाइल

अजून पुढे ऐका. त्याच्या आदल्या ऑडिटमध्ये दुसऱ्या कंपनीने लिहिलं होतं, 'बॅनरमधून ऑपरेटिंग सिस्टीम कळते, लपवा.' म्हणून काही सर्व्हरवर एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये डेबियनबॅनर नो केलं होतं. तिथे आता शेपूटच दिसत नाही, नुसतं ९.२पी१! म्हणजे एका ऑडिटरचं ऐकलं म्हणून दुसऱ्याला पुरावा दाखवता येईना.

अपटाइम

हा हा हा. फ्रेम करून लावा हे.

नवखा

चांगली चर्चा. मी नुकताच लिनक्सवर आलोय. मग मी ब्राउझर फ्लॅटपॅकमधून घेऊ की रेपोतून?

रोलिंगराव

लॉगफाइल, तुमचा त्रास ऑडिटरमुळे नाही, जुन्या व्हर्जनला कवटाळण्यामुळे आहे. सर्व्हर रोलिंगवर ठेवा, प्रश्नच मिटेल.

लॉगफाइल

रोलिंगवर? सर्व्हर? ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च या रोलिंग डिस्ट्रोत ग्रबच्या (मशीन बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) अपडेटनंतर लोकांची मशीनं बूट होईनात, लाइव्ह यूएसबी घेऊन ग्रब पुन्हा बसवत होते. घरच्या लॅपटॉपवर हौस म्हणून ठीक आहे. पगारपत्रकाचा सर्व्हर महिनाअखेरीला पडला की तुम्ही येणार आहात का फोन घ्यायला?

रोलिंगराव

अपडेटची सूचना न वाचता एंटर दाबणाऱ्यांचं तसंच होतं. ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांनी खुशाल जुनंपानं वापरावं.

कर्नलकाका

म्हणजे लेखकाचा अपडेट, चूक वापरणाऱ्याची. आणि मेंटेनरचा अपडेट असेल तर चूक मेंटेनरची. न्याय भारी आहे तुमचा! तुमच्या लेखाला +१ देणाऱ्यांतल्या किती जणांनी कधी एक पॅकेज बनवलंय, विचारून बघा.

रोलिंगराव

झालं, आला वैयक्तिक पातळीवर. 'आधी पॅकेज बनवा मग बोला.' याच गुर्मीमुळे नवे मेंटेनर मिळत नाहीत तुम्हाला. मे २०२४ मध्ये कीपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरचं काय केलंत? मेंटेनरला वाटलं म्हणून अनस्टेबलमध्ये ब्राउझर जोडणीसकट सगळी फीचर्स काढलेला बिल्ड मूळ नावाने ठेवला, आणि फीचर्स हवीत त्यांनी 'फुल' शोधत बसावं. लेखकांनी नको म्हणून सांगितलेलं.

मृण्मयी_डी

ते मलाही आवडलं नव्हतं. निदान नावं उलटी द्यायला हवी होती, मूळ नावाने पूर्ण आणि दुसऱ्या नावाने कापलेलं. अपडेट केल्यावर माणसाचं चालू काम बंद पडता कामा नये. (घ्या, मिळाला तुम्हाला एक मुद्दा. जपून वापरा.)

पण काका म्हणतात त्यातही खोट नाही. ज्या पॅकेजला वाली नाही त्यांची यादी उघडी असते, 'अनाथ' म्हणून. तिथे +१ वाले दिसत नाहीत कोणी.

लॉगफाइल, कामाचं बोलू. बाहेरून बॅनर वाचणारा स्कॅन मान्यच करू नका. लॉगिन देऊन आतून स्कॅन करायला सांगा. मग टूल डीपीकेजीची (बसवलेल्या पॅकेजांची) यादी घेतं आणि डेबियन सुरक्षेची ओव्हल फाइल (कुठलं व्हर्जन बाधित ते सांगणारी) प्रसिद्ध करतं तिच्याशी पडताळतं. तरी ऐकलं नाहीत तर 'एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर' चालवा. त्यात सीव्हीईचा नंबर छापलेला असतो. ते पान आणि सिक्युरिटी ट्रॅकरची लिंक रिपोर्टच्या उत्तरात जोडा.

अपटाइम

ऑडिटरला चेंजलॉग दाखवणार? तो विचारेल, यावर शिक्का कुठाय?

कर्नलकाका

धागा मेंटेनरवर होता, ऑडिटवर नव्हता. वरचे निम्मे प्रतिसाद वेगळे काढा कोणीतरी.

नवखा

ब्राउझरचं कोणी सांगेल का?

मृण्मयी_डी

रेपोतून. सुरक्षेचे अपडेट वेळेवर येतात, आणि ब्राउझरचा स्वतःचा सँडबॉक्स (वेबपानांना कोंडून ठेवणारं कुंपण) आहेच. रोलिंगराव आता उलटं सांगतील.

रोलिंगराव

सांगणारच होतो. पण उबंटूवर असशील तर एपीटीने फायरफॉक्स मागितला तरी स्नॅपच (उबंटूचा फ्लॅटपॅकसारखा डबा) हातात पडतो. तेव्हा 'रेपोतून' या शब्दावर फार विसंबू नकोस.

लॉगफाइल

ताई, आभार. आतून स्कॅन करवून घेतला. ओपनएसएसएचचे सगळे लाल ठिपके गेले, पहिल्यांदाच. पण आता नवीनच काढलंय: कर्नल अपडेट झालाय, पण सर्व्हर जुन्याच कर्नलवर चालू आहेत, बूट करा म्हणे. हा काय छळ?

कर्नलकाका

हे मात्र त्यांचं बरोबर आहे. डिस्कवर पॅच पडला म्हणजे मेमरीत चालणारा कर्नल बदलत नाही. रीबूट करा.

अपटाइम

मी या धाग्यातून बाहेर पडतोय.