परदेशातल्या बहिणींची पाळी जाते तेव्हा: उपचार हवेत की धीर पुरेसा?

धागाकर्ती, जळगाव
माझी धाकटी बहीण वीस वर्षांपासून न्यू जर्सीत राहते. यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी तिचा फोन आला तेव्हा तिकडे रात्रीचे तीन वाजले होते आणि ती घामाने भिजून उठून बसली होती. वय ४६, पाळी अनियमित, बोटांचे सांधे आखडलेले. तरीही तिथल्या डॉक्टरांनी ‘अजून वय झालेले नाही’ असे सांगून तिला परत पाठवले. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास थांबते आणि अमेरिकेत ती ५१ च्या आसपास थांबते, हे त्यांनी लक्षात घ्यायला हवे होते. तिथे १९९० च्या दशकात सुरू झालेल्या, पाळी जाण्याच्या काळाविषयीच्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात ३,३०२ स्त्रिया होत्या. गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी अशा पाच गटांत आपल्याकडच्या स्त्रियांचा गटच नव्हता. आपल्याकडे आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्याशेजारी बसून मोठ्या बायकांकडून या गोष्टी ऐकत असत. बहिणीला ना तो झोका मिळाला, ना ऐकून घेणारा डॉक्टर. तिने उपचारांचा आग्रह धरावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद, धुळे
ताई, बहिणीचे दुःख मी नाकारत नाही, परंतु वयाच्या टप्प्याला आजार ठरवणे मला पटत नाही. मार्शा फ्लिंट या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये राजपूत स्त्रियांविषयी लिहिले की, पाळी गेल्यावर त्यांच्यावरची बंधने सुटत आणि त्यांच्या तक्रारी फारच थोड्या असत. आमच्या घरी कानबाई या खानदेशातल्या देवीच्या सणाला रोटांचे (नैवेद्याच्या पोळ्यांचे) दळण पाळी गेलेल्या जाऊबाईंकडेच असते. त्यांचा शब्द त्या वयात वाढला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परदेशात वय वाढते, पण मान वाढत नाही, आणि त्यावर गोळी नाही. शिवाय या त्रासावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो म्हणून २००२ मध्ये अमेरिकेतला मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला होता.

प्रतिसाद, शहादा
मी इंग्लंडमध्ये अकरा वर्षे परिचारिका होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. २००२ च्या त्या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रीचा हिशेब वेगळा असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र पर्याय निराळे शोधावे लागतात.

खरी अडचण मला बोलण्यात दिसली. आपल्या बायका ‘अंग मोडून येते’, ‘जीव घाबरा होतो’ एवढेच सांगत, आणि त्यांना वेदनाशामक गोळी मिळे. दुभाषी म्हणून पुष्कळदा मुलगाच शेजारी बसलेला असे. त्याच्यासमोर योनीचा कोरडेपणा किंवा लघवीची जळजळ कोणती आई सांगेल? पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच निदान करावे, रक्ततपासणीची सहसा गरज नाही, असे तिथली २०१५ ची मार्गदर्शिका सांगते. म्हणजे लक्षण बोलले गेले नाही तर निदानही होत नाही. हाडांचा प्रश्न तर मान मिळाल्यानेही सुटत नाही. पाळी लवकर गेली की हाडे लवकर विरळ होऊ लागतात, आणि सावळ्या त्वचेला तिथल्या उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही.

प्रतिसाद, धुळे
हाडांचे आणि मुलासमोर न बोलण्याचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही आधी घरातल्या माणसांनी तिची झोप आणि तिचे काम यांची वाटणी बदलावी, मग औषध, हा क्रम मी सोडणार नाही.

धागाकर्ती, जळगाव
मला तो क्रम पटत नाही, कारण घर बदलेपर्यंत तिने रोज रात्री जागत का बसावे? शहाद्याच्या ताईंचे वाचून मी तिला पाळीच्या तारखा, घाम येण्याच्या वेळा आणि सांध्यांचे दुखणे वहीत लिहायला सांगितले आहे. पुढच्या भेटीला ती नवऱ्याला आणि मुलाला बाहेर बसवून एकटीच आत जाणार आहे.