लपून वाचलेली मुलं: तुमचे अनुभव लिहा

ॲमस्टरडॅमला गेले होते. ॲन फ्रँकचं घर पाहिलंच, पण डोक्यात राहिलं ते दुसरंच काहीतरी. प्लांटाज मिडनलान नावाचा रस्ता आहे, एका बाजूला थिएटर जिथे नाझी ज्यूंना पकडून आणून डांबायचे आणि समोर पाळणाघर, कारण पोरांची रडारड त्यांना नको. मधून ट्राम. ट्राम येऊन उभी राहिली की पहारेकऱ्यांना पाळणाघराचं दार दिसायचं नाही, तेवढ्यात बायका पोर घेऊन बाहेर पडायच्या आणि ट्रामच्या आडोशाने चालू लागायच्या. काही पोरं सॅकमधून, टोपलीतून, काही शेजारच्या कॉलेजच्या कुंपणावरून. अशी ६०० च्या आसपास वाचली. पाळणाघर चालवणाऱ्या हेन्रिएट पिमेंटेलना मात्र १९४३ मध्ये ऑशविट्झला मारलं. मी तिथे उभी राहून मोबाईलवर टाइम लावला, १४ नंबरची ट्राम माझ्यासमोरून गेली सहा सेकंदात. सहा! तुमचा अशा कुणाशी, कुठल्या जागेशी संबंध आलाय का? लिहा.

-----

आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडेला पोलिश मुलं होती की, आजोबा सांगायचे.

-----

वळिवड्याची गोष्ट वेगळी हो. ते बहुतेक कॅथलिक, सैबेरियातून सुटून आलेले. लपायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, इथे सगळ्यांदेखत राहात होते. मिसळू नका प्लीज.

मी वॉर्सात दीड वर्ष होतो. तिथे इरेना सेंडलर, म्हणजे युद्धात ज्यू पोरांना बाहेर काढून लपवणारी बाई, माहीत नसलेला माणूस भेटला नाही. मुलांची खरी नावं आणि कुठे ठेवलंय ते पातळ चिठ्ठ्यांवर लिहून मैत्रिणीच्या बागेत बरणीत पुरलेलं, सफरचंदाच्या झाडाखाली. पोरगं वाचवलं पण ते कुणाचं हेच विसरलं गेलं तर काय, हा विचार त्या धामधुमीत सुचणं म्हणजे कमाल आहे.

-----

मी इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितेय, आम्ही बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. शेजारच्या आजी बेल्जियमच्या, चौथ्या वर्षी आईने एका बाईच्या हातात दिलं आणि त्या बाईने पहिली गोष्ट कुठली केली असेल तर नाव बदललं. मग कॉन्व्हेंट. तिथल्या प्रार्थना आजींना अजून तोंडपाठ, आमच्याकडे मालिद्याला, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या-प्रसादाच्या कार्यक्रमाला येतात तेव्हा गूळखोबरं कालवलेले पोहे खाता खाता मधेच लॅटिन पुटपुटतात आणि स्वतःच हसतात. योम हाशोआला, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मृतिदिनाला, सकाळी १० ला सायरन होतो, दोन मिनिटं अख्खा रस्ता थांबतो, गाड्यांतून उतरून माणसं उभी राहतात. आजी येत नाहीत. बाथरूममध्ये नळ सोडून बसतात, आवाज नको म्हणून.

खोट्या कागदांवर जन्मतारीख पण खोटी होती, ती त्यांनी सोडलेलीच नाही. दोन्ही तारखांना केक आणतात, माझी पोरं आधीच विचारून ठेवतात पुढचा कधी.