जुन्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर पूर्ण फिरत नाही, हँड बदलावा का?

पोलादी
वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या नावावर झालेलं .३८ स्पेशलचं जुनं सहाबारी आहे. रिकामं करून घोडा झटकन ओढला की सगळं नीट चालतं. सावकाश ओढला, तर घोडा मागे अडकतो पण सिलिंडर केसभर आधीच थांबतं. बोटाने ढकललं की 'टक' होऊन खाचेत बसतं. हँड, म्हणजे सिलिंडर ढकलून फिरवणारा आतला तुकडा, झिजला असेल, नवा मागवावा असं एकाने सांगितलं. आपलं मत काय? वडिलांची आठवण आहे, उगाच कानस लावायची नाही.

कानसवाला
आधी गोळी झाडणं थांबवा. कप्पा नळीसमोर नीट आला नाही, तर गोळीचं शिसं कडेने तासलं जातं आणि फटीतून बाजूला उडतं. शेजारी उभ्या माणसाला ते लागू शकतं. आधी झाडलेल्या पुंगळ्या असतील तर बघा, पिनची खूण पुंगळीच्या बुडाच्या टोपीच्या मधोमध आहे की एका बाजूला सरकली आहे?

वेगाची गंमत तुम्ही बरोबर पकडलीत, झटकन ओढल्यावर सिलिंडर स्वतःच्या वजनाच्या जोरावर उरलेलं अंतर कापतं. म्हणून तपासणी कायम सावकाशच.

माजघर
पोलादी, मागून पाहिल्यावर सिलिंडर कुठल्या दिशेने फिरतं? जुन्या कोल्टचं घड्याळाच्या काट्याप्रमाणे, स्मिथ अँड वेसनचं उलट. जुन्या कोल्टमध्ये चाप ओढलेला असताना हँड सिलिंडरला दाबूनच धरतो, त्यामुळे तिथे तो झिजणं रचनेतच आहे. दोन्हींची दुरुस्ती वेगळी.

पोलादी
उलट फिरतं, माजघरताई. पिनच्या खुणा दोन पुंगळ्यांवर बाजूला आहेत.

माजघर
मग हँड मागवायच्या आधी एक करा. पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणी असते ना, तिच्याखाली जळक्या दारूचा कण अडकला तरी हे सगळं बिघडतं. ब्रशने तिथलं स्वच्छ करा. मग सहाही कप्प्यांत *रिकाम्या* पुंगळ्या घाला. जुन्या घडणीत चांदणी थोडी हलती असते, पुंगळ्याच तिला जागेवर धरतात. मोकळ्या सिलिंडरवर तपासून चांगला हँड फेकून दिलेली माणसं मी पाहिली आहेत, वाईट वाटतं.

आता प्रत्येक कप्प्याला खडूने आकडा द्या, सिलिंडरवर अंगठा हलका टेकवा आणि घोडा अगदी हळू ओढा. कुठले आकडे अडतात ते लिहा.

पोलादी
केलं. आधी सहाही अडत होते, आता फक्त ३ आणि ४. बाकी चार ठणठणीत बसतात!

कानसवाला
म्हणजे हँडपेक्षा चांदणीवरच्या त्या दोन दात्यांचा संशय जास्त, हँड त्यांनाच ढकलतो. सहाही अडले असते तर हँड म्हणता आलं असतं. थोडा रुंद हँड बसवून ३ आणि ४ सावरतील, पण मग उरलेल्या चार दात्यांवर तो घासेल आणि तिथे चाप जड होईल. तिथले दाते अगदी जपून घासावे लागतात. हे काम परवानाधारक कारागिराकडेच द्या, कारण दाता जास्त गेला की चांदणीच बदलावी लागते. हातोडीने ठोकून हँड फुगवून देणारा भेटला तर उठून या, ते टिकत नाही.

माजघर
त्याला आणखी एक सांगा. सिलिंडर बंद करून पुढे-मागे हलतं का ते आधी मोजायचं. ०.०७ मिमीच्या वर हललं तर पातळ पोलादी वॉशर घालून तो ढिलेपणा काढायचा, हँडला हात त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर काम दोनदा करावं लागतं.

आणि बाजूची झाकणपट्टी पेचकसाने उचकटायची नाही. स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने हलकेच टकटक केलं की ती आपोआप वर येते. वडिलांच्या वस्तूवर ओरखडा नको.

पोलादी
खडूचे आकडे तसेच ठेवून घेऊन जातो, म्हणजे ३ आणि ४ त्याला लगेच दिसतील.